मोठ्या बाईंची रजा

आमच्या शाळेत मोठ्या बाईंचा निरोप समारंभ दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा पुढच्या सोमवारी त्या प्रार्थनेला हजर होत्या. पहिल्या वेळी मुलं रडली. दुसऱ्या वेळी कोणी रडलं नाही, दुसरीतल्या एका मुलीने तर शेजारणीला मोठ्याने विचारलं, "बाई आता परत कधी जाणार?" तिसऱ्या निरोपाची हूल उठली तेव्हा आमचे शिपाई हाराचं विचारायला माझ्याकडे आले. मी म्हटलं, "आत्ता काही आणू नका. बाई खरंच निघाल्या की मंडईतून आणू. हार लगेच मिळतो. वेळ बाईंना लागतो."

मी त्या शाळेत कार्यालय सांभाळायचे. लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून बाहेर पडले. शाळा कोथरूडात, मी मंडईच्या मागची; वडिलांचा फळांचा गाळा होता. गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतंच पेरू दाबून जाणार आहे, हे लहानपणीच कळायला लागलं होतं. शाळेच्या कार्यालयात त्याचा फार उपयोग झाला.

बाहेरच्यांना वाटतं, शाळा म्हणजे शिक्षक आणि मुलं. ते खरंच आहे, पण आमची शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकार आम्हाला नियम देतं, बाकी काही देत नाही. अशा शाळेत पालक येतात ते एका माणसाचं नाव ऐकून, शिक्षक टिकतात ते त्याच माणसाच्या धाकाने किंवा मायेने, आणि विश्वस्त मंडळ चहा पिऊन त्याच माणसाच्या म्हणण्याला मान डोलावतं. आमच्याकडे तो माणूस म्हणजे इंदुमती गद्रे. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. नियमाप्रमाणे वय झाल्यावर त्या मुख्याध्यापिका पदावरून निवृत्त झाल्या, तो पहिला निरोप. सोमवारी त्या संचालिका म्हणून परत आल्या. सत्तरी झाली तेव्हा 'आता पुरे' म्हणाल्या, तो दुसरा निरोप. त्या सोमवारी त्या कोणतंच नवं पद न घेता परत आल्या. जुनं सोडलंच नव्हतं.

मग मुख्याध्यापक कोण? कागदावर असायचं कोणीतरी. त्याची खोली ग्रंथालयाच्या बाजूला, प्लायवूडच्या आडोशामागे. सही त्याची, शब्द बाईंचा. कानडे सर नावाचे एक फार चांगले गृहस्थ त्या आडोशामागे बरीच वर्षं बसले. "बाई थोड्याच दिवसांत मोकळ्या होणार आहेत," असं मंडळ त्यांना दर दिवाळीला सांगायचं. एका दिवाळीला सर हसून म्हणाले, "मंगलताई, थोडे दिवस म्हणजे माझे की बाईंचे?" पुढच्या जूनमध्ये ते दुसऱ्या शाळेत गेले आणि ती शाळा त्यांनी नावारूपाला आणली. आमची आणता आली असती. ही हळहळ अजून आहे.

त्यांच्या जागी वानखेडेबाई आल्या. शुभांगी वानखेडे, मूळच्या अकोल्याच्या. बोलणं स्वच्छ, पण घाईत असल्या की "काय करून राहिलात?" निघून जायचं आणि आमच्या मंडळातल्या दोन-तीन सदस्यांच्या कपाळावर बारीक आठी पडायची. वानखेडेबाईंना ती आठी दिसायची. मग त्या मुद्दाम आणखी एकदा म्हणायच्या.

बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आठवडाभर घरी राहिल्या, तेव्हा खरी गंमत कळली. सहल सिंहगडाला न्यायची की नाही, पाण्याची टाकी कोणाकडून धुवून घ्यायची, पाचवीचे वर्ग वर हलवायचे का, वानखेडेबाई काहीही ठरवोत, समोरचा एकच प्रश्न विचारायचा, "मोठ्या बाईंना विचारलंत?" बाईंच्या डोळ्यावर पट्टी होती आणि शाळा आंधळी झाली होती.

मंडळाची तातडीची सभा झाली. अध्यक्ष दामले, निवृत्त इंजिनिअर, ऐकायला जरा कमी यायचं आणि सोयीप्रमाणे आणखी कमी. सगळ्यात तरुण विश्वस्त निखिल, आमचाच माजी विद्यार्थी, खराडीला आयटीत मोठ्या हुद्द्यावर. तो म्हणाला, "लेट्स बी ऑनेस्ट. आपल्याकडे सक्सेशन प्लॅनच नाहीये. बाई म्हणजे सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहेत."

बाई काळा चष्मा लावून सभेला आल्याच होत्या. म्हणाल्या, "फेल्युअर? निखिल, नववीत गणितात तुला वर कोणी ढकललं?"

"बाई, मी तुमच्याबद्दल नाही, सिस्टिमबद्दल बोलतोय."

"पूर्ण वाक्य मराठीत बोल, मग कळेल कोणाबद्दल बोलतोयस."

पण ठराव झाला. नवा संचालक बाहेरून शोधायचा. वानखेडेबाईंचं नाव कोणी घेतलं नाही. दामल्यांनी बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शुभांगी चांगली आहे. पण अजून तयार नाही." कानडे सरांबद्दलही त्या हेच म्हणायच्या.

मुलाखती मीच जुळवल्या. बाई त्यांना 'निरीक्षक' म्हणून बसल्या, म्हणजे उमेदवाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या आधी द्यायच्या. एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले आणि भिंतीवर रंगीत वर्तुळं दाखवत म्हणाले, "शाळा ही एक इकोसिस्टिम आहे." बाई म्हणाल्या, "आहे ना. पावसाळ्यात तळमजल्यावर बेडूक येतात." दुसरे सैन्यातून निवृत्त झालेले. दंगा करणाऱ्या वर्गाचं काय कराल, असं विचारल्यावर म्हणाले, "मैदानावर पळवीन."

"आणि पुढच्या तासाला?" बाईंनी विचारलं.

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "झोपतील."

तिसऱ्या बाई नाशिकच्या. शांत, हुशार, आम्हाला सगळ्यांनाच आवडल्या. दामल्यांनी विचारलं, "आमच्या शाळेची मुख्य अडचण तुम्हाला काय वाटते?" त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं. "खरं सांगू? जागा रिकामी नाही, ही." मग त्यांनी चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि नाशिकची बस पकडली. मोठ्या बाई नंतर मला म्हणाल्या, "ही चांगली होती."

"मग घ्यायचं ना, बाई."

"तीच नको म्हणाली," बाई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला हसू दाबायला कपाटामागे जावं लागलं.

त्याच आठवड्यात वानखेडेबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. नदीपलीकडच्या एका मोठ्या शाळेने त्यांना बोलावलं होतं. "मंगलताई, मी जूनला इथे नसेन. तुम्हाला आधी सांगते."

"मंडळाला सांगितलंत?"

"काय सांगू? माझ्या डोक्यावर बसवायला हे लोक माणूस शोधून राहिले, आणि त्या माणसाला चहा मीच विचारते. मी आडोशामागे म्हातारी नाही होणार."

त्या गेल्या तर पुढच्या दिवाळीला आम्ही आणखी कोणाला तरी 'थोडेच दिवस' सांगणार, हे मला दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, "तिकडे सही करायला थोडा अवकाश घ्या." आणि दामल्यांच्या घरी गेले. त्यांना समजावलं की नाटकाची करतात तशी रंगीत तालीम करू. एक पूर्ण सत्र बाईंनी रजेवर जायचं, शाळेत पाऊल टाकायचं नाही, शाळा वानखेडेबाईंनी चालवायची. दामल्यांना लगेच ऐकू आलं. "उत्तम. पण बाईंना सांगणार कोण?"

"मी सांगते," म्हटलं.

बाईंना पटवायला मी गाळ्यावरची विद्या वापरली. गिऱ्हाइकाला 'घ्या घ्या' म्हटलं की ते पुढे जातं. 'हे तुम्हाला परवडणार नाही' म्हटलं की थांबतं. मी म्हटलं, "बाई, तुमच्याशिवाय शाळा चालत नाही, हे या मंडळाला कळतच नाही. एकदा दाखवून द्याच. एक सत्र जा. दिवाळीआधी हात जोडून दारात येतील."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "महिन्याभरात येतील," त्या म्हणाल्या. आणि साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे जाते असं जाहीर करून, दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन रिक्षात बसल्या. मी हात हलवला. मला खरंच वाटलं, गेल्या.

आठवडा गेला नसेल, फोन वाजला. चोंदलेल्या नाकातला एक आवाज म्हणाला, "मी सौ. देशपांडे बोलते. नातवाच्या प्रवेशाचं विचारायचं होतं. सध्या तिथे कोणी नवीन बाई आहेत म्हणे. त्या शिस्तीच्या आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं.

"'आहेत' काय? पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं."

मी रिसिव्हरवर हात ठेवून पोटभर हसून घेतलं. मग फोन वानखेडेबाईंच्या खोलीत जोडला आणि जाऊन आडोशापाशी उभी राहिले. त्यांनीही पहिल्या वाक्यात ओळखलं असणार, कारण त्या खुर्चीत सरळ बसल्या आणि फोन स्पीकरवर टाकला. सौ. देशपांड्यांनी नातवाला मधूनच प्रवेश देण्याची गळ घातली. म्हणाल्या, "गद्रेबाई माझ्या अगदी जवळच्या आहेत."

"मग तर प्रश्नच मिटला," वानखेडेबाई गोड आवाजात म्हणाल्या. "गद्रेबाईंची ओळख सांगणाऱ्याला प्रवेश द्यायचा नाही, असं त्यांनीच आम्हाला शिकवलंय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर सौ. देशपांडे आठवड्यातून एक-दोनदा तरी चौकशी करायच्या. नातवाचं वय दर वेळी बदलायचं. आम्हाला वाटायचं, साताऱ्यात करमत नाही बिचारीला.

नदीपलीकडच्या शाळेला दिवाळीपर्यंत थांबा असं कळवून वानखेडेबाईंनी शाळा चालवली, आणि नीट चालवली. एकाच गोष्टीला त्यांनी हात लावला नव्हता, ती म्हणजे बाईंचा फाटकाचा नियम. घंटा झाली की फाटक बंद. मिनिटभर उशीर झालेलं मूलही बाहेर, पालकांनी परत घेऊन जायचं. या नियमाचा आम्हाला कोण अभिमान! पण तो केला तेव्हाचं कोथरूड वेगळं होतं. आता रस्ता जागोजागी उकरलेला, बसगाड्या अडकलेल्या, आणि मुलांना दाराशी सोडून आईबाप दुचाकीवरून ऑफिसच्या दिशेने सुसाट. मूल आत गेलं की नाही, हे बघायला कोणी थांबत नसे. "सत्र संपलं की बाईंशी बोलून बदलते," वानखेडेबाई म्हणायच्या. "त्यांच्या माघारी नको."

सप्टेंबरातल्या एका सकाळी तिसरीतल्या ओवीच्या आईचा फोन आला. ओवी डबा विसरली होती, तिला मधल्या सुट्टीत काहीतरी खायला द्याल का, असं विचारत होती. मी वर्गात निरोप पाठवला. उत्तर आलं, ओवी आज आलीच नाही.

आई म्हणाली, "असं कसं? मी स्वतः फाटकाशी सोडलंय तिला."

मी धावत फाटकाशी गेले. पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "एक मुलगी उशिरा आली होती. मी फाटक उघडलं नाही. बाईंचा नियम हाय." मग ती कुठे गेली? कोणी मावशी तिच्यापाशी होत्या, पुढचं त्याला माहीत नव्हतं. पलीकडे गाड्यांची रांग होती, त्याला दिसलं नव्हतं.

वानखेडेबाई धावत आल्या. शिक्षकांना दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर पाठवलं, पोलीस चौकीत फोन केला, आणि स्वतः फाटक सताड उघडून रस्त्यावर उभ्या राहिल्या. ओवीची आई रिक्षातून उतरली ती ओरडतच. मागोमाग आणखी पालक आले. असल्या बातम्या मोबाइलवरून आमच्या शिक्षकांपेक्षा वेगाने धावतात. गर्दीत कोणीतरी म्हणालं, "हा नियम काही यांचा नाही, जुन्या बाईंचा आहे." वानखेडेबाईंना निसटायला ती वाट आयती मिळाली होती. त्या म्हणाल्या, "नियम कोणाचा का असेना, आज शाळा माझ्याकडे आहे. चूक माझी आहे. आधी ओवीला शोधू, मग मला काय ते बोला."

तेवढ्यात कार्यालयातला फोन वाजला. मी पळत जाऊन उचलला.

"मी सौ. देशपांडे बोलते," चोंदलेल्या नाकातला आवाज म्हणाला. "तुमच्या शाळेची एक लहान मुलगी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. उपमा खातेय."

मी स्टुलावर बसले. "बाई," मी म्हटलं, "तुम्ही साताऱ्याला होतात ना?"

पलीकडून साध्या, ओळखीच्या आवाजात, "मंगल, ते नंतर. तिच्या आईला आधी सांग."

झालं होतं असं की बाई साताऱ्याहून चार दिवसांतच परतल्या होत्या. बहिणीने म्हणे भाजीत गूळ घालण्यावरून वाद घातला. तेव्हापासून त्या रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून शाळेसमोरच्या बसथांब्यावर बसायच्या, बस न पकडता. शाळा कोसळताना त्यांना बघायची होती. त्या सकाळी त्यांना दिसली ती बंद फाटकाच्या गजांना धरून हुंदके देणारी ओवी. बाई रस्ता ओलांडून गेल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "अहो, आत घ्या तिला." तो नवा होता. त्याने रुमालातल्या म्हातारीला ओळखलं नाही. म्हणाला, "मावशी, मोठ्या बाईंचा नियम हाय. लई कडक हायेत त्या. तुम्ही नका मधे पडू." आणि पाठ फिरवून बसगाड्यांकडे गेला.

मीच मोठी बाई, हे सांगायचं तर रजा मोडल्याचं कबूल करावं लागणार. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात ओवी एकटीच रस्त्याकडे निघाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. ओवीला आईचा नंबर आठवेना. बाईंचा मोबाइल घरी. म्हणून त्या तिला मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी घेऊन गेल्या, आणि तिचं रडू थांबवून मग फोनकडे वळल्या.

थोड्याच वेळात दोघी हातात हात घालून फाटकाशी आल्या. ओवी आईला बिलगली. बाईंच्या डोक्याला रुमाल तसाच होता. पहारेकऱ्याला कोणीतरी हळूच सांगितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

वानखेडेबाई पुढे झाल्या. "बाई, ओवीला सांभाळलंत, उपकार झाले. फाटक बंद करायचा नियम आजपासून बंद."

"मला न विचारता?"

"हो. तुम्ही रजेवर आहात."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं, मग ओवीकडे. "आणि उशिरा येणाऱ्यांचं काय करणार?"

"वर्गात बसवणार. त्यांच्या आईबापांना मी फोन करणार. मूल आत गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांना शिकवणार." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि बाई, शाळेच्या वेळेत आत यायचं तर पाहुण्यांना पास लागतो. तोही तुमचाच नियम आहे. तो मी ठेवलाय."

पास मीच द्यायचे. मी पेन उघडलं. "कोणत्या नावाने लिहू?"

बाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "देशपांडे लिही. तुला सवय आहे."

पुढच्या सभेत निखिल लॅपटॉप उघडत होता तेवढ्यात बाई उठल्या. म्हणाल्या, "शुभांगी तयार नाही असं मी म्हणत होते. ती तयार होती. मी नव्हते. माझ्या जागी कोणी नेमू नका. ती जागाच काढून टाका, आणि शाळा मुख्याध्यापिकेला चालवू द्या." दामल्यांनी हे दोनदा सांगायला लावलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण ऐकायला बरं वाटत होतं. प्लायवूडचा आडोसा त्याच आठवड्यात निघाला. निरोप समारंभाला बाईंनी साफ नकार दिला.

मात्र जाता जाता त्यांनी एक मागितलं. आठवड्यातून एकदा सहावीचं व्याकरण घेऊ द्यावं. वानखेडेबाई म्हणाल्या, "वर्षभर नाही, बाई. तुम्ही आवारात असलात की लोक माझ्याकडे बघून तुमच्याकडे जाणार." बाई तडक निघून गेल्या. मला वाटलं, फार दुखावल्या. मीही वानखेडेबाईंवर दोन दिवस रुसले होते. माझं चुकलं. त्या वर्षात लोकांनी हळूहळू 'मोठ्या बाईंना विचारलंत?' म्हणणं सोडलं, आणि फोनवरून सौ. देशपांड्यांनीही पुन्हा चौकशी केली नाही.

वर्ष उलटलं. सहावीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. वानखेडेबाईंनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर फोन लावला. "बाई, थोड्या दिवसांसाठी व्याकरण घ्याल? पण रीतसर मुलाखत द्यावी लागेल. सगळेच देतात."

बाई वेळेच्या कितीतरी आधी आल्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स. माझ्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर त्या बसल्या, जिथे त्यांनी आयुष्यभर इतरांना बसवलं होतं. मी जाऊन म्हटलं, "गद्रेबाई, आत बोलावलंय." दारात थांबून त्यांनी विचारलं, "आत येऊ का?" वानखेडेबाई चटकन उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, "बसा, बसा. मुख्याध्यापिकेने उमेदवारासाठी उठायचं नसतं." दार बंद झालं. आतून एकदा हसण्याचा आवाज आला.

बाई बाहेर आल्या आणि पुन्हा बाकावर बसल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"कळवते म्हणाली." त्या पर्सची साखळी लावत-काढत होत्या. "मंगल, हे मी कितीजणांना म्हटलं असेन. पण हे ऐकल्यावर माणसाने घरी जायचं असतं की थांबायचं असतं गं?"

"थांबा, बाई," मी म्हटलं. "चहा सांगते."